कथील बोलतं

मी फार मोठ्याने बोलतो, अशी तळसुऱ्यात माझी ख्याती आहे. पाणीकेंद्रावर भोंगा बसवायचं ठरलं तेव्हा भर ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं होतं, "उमेश असताना भोंगा कशाला? त्यालाच टाकीवर उभा करा." यात दोष माझा नाही. माझे वडील यशवंत तांबट सत्तर वर्षं तांब्या-पितळेवर हातोडा घालत बसले आणि त्या ठोक्यांनी हळूहळू त्यांचे कान खाल्ले. आई मी कॉलेजात असतानाच गेली. धाकटी बहीण हर्षदा लग्न होऊन गावातच वरच्या आळीत गेली. माझं लग्न जमता जमता राहून गेलं. घरात उरलो आम्ही दोघं, आणि तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ओरडून सांगावं असं घरात कुणी नाही, पण घसा अजून त्याच पट्टीत लागतो आणि मग माझा मीच दचकतो.

बाबा पंचक्रोशीतले शेवटचे कल्हईवाले. पुण्याचा व्यापारी कथिलाच्या कांड्या घेऊन आला की ते एकेक कांडी दातात धरायचे. लहानपणी मला वाटायचं, चव बघतात. व्यापारी हसायचा, मीही हसायचो. पुढे वरच्या कारखान्याने नदी नासवली, लोकांनी प्लास्टिक फेकून दिलं आणि माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली. नदी गेली, निदान भांडं तरी शुद्ध असू दे, असा तो हिशेब. मग बाबांकडे रीघ लागली. तळसुऱ्याची मुलगी सासरी निघाली की रुखवतात यशवंत तांबटाच्या कल्हईचं एक तरी पातेलं असायचंच.

मी त्या धंद्यात पडलो नाही. एसटी स्टँडसमोर माझं टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार चाळीस साली ते बंद केलं, कारण दुरुस्त होईल अशी वस्तूच कुणी बनवेनासं झालं. त्याच वर्षी गावात मणी आले आणि मी मणीवाला झालो.

हे मणी साबुदाण्याएवढे, पांढरे. कोळंबीच्या टरफलांतून काढलेला एक चिकट पदार्थ, भाताच्या तुसाचा कोळसा आणि त्यावर प्रयोगशाळेत वाढवलेली लोहसंयुगाची जाळी, असं त्यांचं घराणं. पाणी त्यांच्यात मुरतं आणि स्वच्छ होतं, असं लोक समजतात. तसं नाही. स्पंज पाणी पितो ते शोषण, तिथे सगळं पोटात जातं. मणी करतात ते अधिशोषण. त्यात पोटात काही जात नाही, अंगाला चिकटतं. ओल्या हाताला पीठ चिकटतं तसं. म्हणजे अंग जितकं मोठं तितकं जास्त चिकटणार, आणि या मण्यांचं अंग म्हणजे नुसती भोकंच भोकं. मूठभर मण्यांची सगळी भोकं उलगडून पसरली तर बारा एकर जमीन झाकेल. त्या बारा एकरांत जागोजागी असे आकडे आहेत की शिसं, कॅडमियम, पारा अडकतो आणि पाण्याला चव देणारा चुना सुखरूप निघून जातो.

प्रत्येक घराला मण्यांची एक पुरचुंडी. ती पिण्याच्या हंड्यात सोडायची. महिनाभरात मणी राखाडी होतात. मग मी घरोघर जाऊन त्या गोळा करतो, नव्या देतो, जुन्या केंद्रात सौम्य आम्लाने धुतो. चिकटलेला धातू सुटून येतो, मणी पुन्हा पांढरे होतात.

यात एक गंमत आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. मणी नुसते गाळत नाहीत, ते लक्षातही ठेवतात. धुतलेल्या पाण्यात त्या घराचा महिना उतरतो. एका घरी पारा निघाला तो सुनेच्या गोरं होण्याच्या क्रीमचा निघाला, आणि सासू-सुनेत आठ दिवस अबोला झाला. तेव्हापासून पुरचुंडी देताना बायका म्हणतात, "आमचं जे काय निघेल ते आम्हालाच सांगा हां, शेजारी नको."

गावात एकशे बारा घरं आहेत. फेरीला चार दिवस लागतात. प्रत्येक घरी बसायला पाट, अर्धा कप चहा, पावसाच्या, गुडघ्यांच्या, नातवंडांच्या गोष्टी. महिन्यातले ते चार दिवस मी माणसांत असतो. उरलेले सव्वीस दिवस केंद्रातला पंप असतो आणि मी असतो.

जुलैच्या फेरीत हर्षदाकडे गेलो तर तिने चहा ठेवला नाही. समोर कागद ठेवला. तिची मुलगी मृण्मयी चौथा महिना लागल्यावर पुण्याहून माहेरी आली होती, काम घरूनच करायची. आता तिला सहावा होता.

"दादा, तुझे मणी झोपलेत काय?" हर्षदा म्हणाली.

रक्तातल्या शिशाचा अहवाल होता. आकडा चौदा.

"मामा, पुण्यात होते तेव्हा तीन होतं," मृण्मयी म्हणाली. ती हसत होती, पण हात पोटावर होता. "डॉक्टर म्हणाल्या, माझ्या रक्तात असेल ते बाळाच्याही रक्तात जातं. त्याचा मेंदू आत्ता घडतोय."

"बाहेरचं काही खात नाही ती," हर्षदा म्हणाली. "बाबांच्या हंड्यातलं पाणी, बाबांच्या पातेल्यातली आमटी. रोज कोकम घालून करते, तिला आंबट लागतं. आणखी मी काय करू?"

मी त्यांची पुरचुंडी बाहेर काढली. मृण्मयीसाठी म्हणून दहा दिवसांपूर्वीच मध्ये नवी घातलेली. मणी काळे ठिक्कर पडले होते.

मी घरी आलो तो कारखान्याला शिव्या घालतच. मग केंद्रात बसून सगळ्या घरांची यादी काढली. महिन्याच्या आत मणी भरलेली घरं तेवीस होती. नळाची एखादी ओळ फुटली असेल म्हणून नकाशावर टिंबं मारली, तर ती गावभर विखुरलेली. शेजारशेजारच्या दोन घरांत एकाचे मणी काळे, दुसऱ्याचे पांढरे. पाणी तर एकाच टाकीचं. शेवटी माझी स्वतःची पुरचुंडी पाहिली. आपलं घर आपण नेहमी शेवटी तपासतो. ती सगळ्यांत काळी होती.

सगळे नमुने मी रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत पाठवले. पाणी समितीच्या अध्यक्ष सकपाळबाईंना तसं कळवलं. बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. "तांबट, जरा हळू वाच, मुख्याध्यापक दचकतात," असं मला सहावीत म्हणायच्या. कारखान्याच्या कॅडमियमने त्यांच्या यजमानांची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून दहा वर्षं त्या एकट्या लवादात खटला लढवत होत्या, गाव त्यांच्या मागे उभं होतं. सप्टेंबरात निकालाची सुनावणी होती.

"चौदा?" बाई म्हणाल्या. "अहवालाची प्रत दे मला. आता बघतेच त्यांच्याकडे."

आठवड्याने डॉ. नाझनीन दळवींचा फोन आला. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, बोलायला मोजक्या.

"तांबट, हे शिसं तुमच्या नदीचं नाही."

"म्हणजे?"

"शिशाची चार भावंडं असतात. वागायला सारखी, वजनाला किंचित वेगळी. प्रत्येक खाणीत त्या चौघांचं प्रमाण निराळं असतं. धातू वितळवा, ठोका, पाण्यात विरघळवा, ते प्रमाण बदलत नाही. कारखान्याच्या गाळातलं शिसं एका खाणीचं आहे. तुमच्या मण्यांतलं चार-पाच खाणींचं मिश्रण आहे. बरोबर कथील आहे, थोडं तांबं आहे. असलं मिश्रण मी जुन्या सर्किट बोर्डांच्या भंगारात पाहिलंय. गावात कुणी ई-कचरा वितळवतं का?"

"नाही," मी म्हणालो. "आता कुणी नाही."

"मग ते पिण्याच्या हंड्यात कसं गेलं? विचार करून सांगा."

विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फोन ठेवला आणि दुपारच्या उन्हात पडवीतली बाबांची लाकडी पेटी उघडली. हातोड्या, सांडस, नवसागराचा डबा, कापूस, आणि तळाशी कथिलाच्या उरलेल्या कांड्या. काही चौकोनी, व्यापाऱ्याकडच्या, वापरून वापरून बोटभर उरलेल्या. काही गोल, मधोमध गाठीची रेघ उमटलेल्या. बांबूच्या पेरात धातू ओतला की अशी रेघ उमटते. त्या मी ओतल्या होत्या.

बारा वर्षांपूर्वी पुण्याचा म्हातारा व्यापारी वारला आणि त्याचं दुकान बंद झालं. बाबा दोन महिने हातावर हात ठेवून बसले होते. दारात भांड्यांचा ढीग, आणि कथील नाही. मला ते बघवेना. माझ्या दुकानाच्या मागे जुन्या टीव्हींचे बोर्ड पोत्यांनी पडले होते. गरम हवेचा झोत मारला की जोडांवरचं कथील थेंबाथेंबाने गळायचं. ते लोखंडी डावात गोळा केलं, वितळवलं, बांबूत ओतलं आणि घरी नेलं. म्हटलं, "बाबा, कथील आणलंय."

आम्ही दुरुस्तीवाले जोड द्यायच्या तारेला कथील म्हणतो. तांबटही त्याच्या धातूला कथीलच म्हणतो. तांबटाचं कथील निव्वळ कथील असतं. आमच्या रिळावर साठ-चाळीस असं छापलेलं असतं: साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. ते मी तीस वर्षं रोज वाचत होतो. कल्हई भांड्याच्या आतून लावतात, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. नाव एक, म्हणून वस्तूही एकच वाटली. तांबटाच्या पोटी जन्मलेल्या दुरुस्तीवाल्याशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला करताच आली नसती.

आणि बाबांनी विचारलं होतं.

शुद्ध कथील बोलतं. कांडी कानाशी धरून वाकवली की आतले स्फटिक एकमेकांवर सरकतात आणि करकर असा आवाज येतो. नव्या चपलेचा येतो तसा. शिसं मिसळलं की ते मुकं होतं. तांबट पिढ्यानपिढ्या कथील असं पारखत आले. बाबांना तो आवाज ऐकू येत नव्हता. ते माझ्या दुकानात आले, मी आणलेली पहिली कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली आणि म्हणाले, "ऐक रे. बोलतंय का?"

माझ्या दुसऱ्या कानाला फोन होता. गिऱ्हाईक इन्व्हर्टरवरून भांडत होतं. मी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी ओरडलो, "बोलतंय, बाबा, बोलतंय."

ते खूश होऊन गेले. आळीभर सांगत सुटले, माझा मुलगा मला कथील आणून देतो. सहा वर्षं मी त्यांना कांड्या दिल्या.

पेटीतली एक चौकोनी कांडी घेऊन वाकवली. ती करकरली. गाठीची रेघ असलेली घेतली. ती निमूट वाकली.

संध्याकाळी सकपाळबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या ओट्यावरही बाबांच्या कल्हईचा हंडा होता, वर त्यांचं माहेरचं नाव कोरलेला.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. सुनावणीला सात आठवडे आहेत. आपल्या दाव्यात शिसं पहिल्या पानावर आहे. ते त्यांचं नव्हतं हे कळलं की त्यांचे वकील म्हणतील, मग कॅडमियम तरी आमचं कशावरून? तू खरं बोलशील, उमेश, आणि ते खरं त्यांच्या उपयोगी पडेल."

"आणि तोवर लोकांनी काय खायचं?"

"हर्षदाची भांडी आजच काढून आण. बाकीच्यांना सांग, कल्हई जुनी झाली, परत करून देतो. शिशाचं नाव घ्यायचं नाही. सात आठवडे फक्त. मी दहा वर्षं थांबलेय."

"गावातली भांडी अशी मिळतील, बाई. रुखवतात गेलेल्यांचं काय? कुठली मुलगी कुठल्या गावी नांदतेय, तिच्याकडे कुणाला पोरं झाली, कुणाला होणार आहेत, मला काय ठाऊक? ओरडून सांगितल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही."

बाई हंड्याकडे बघत होत्या.

"निरीक्षणाच्या वहीत खाडाखोड करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत," मी म्हणालो.

"तेव्हा माझा नवरा जिवंत होता," बाई म्हणाल्या.

त्या चूक होत्या असं मी कधी म्हणणार नाही.

तिथून हर्षदाकडे गेलो. आधी पातेलं चुलीवरून उतरवलं, आमटी परसात ओतली आणि मग तिला सांगितलं.

"बाबांनी विष घातलं म्हणतोस?" ती म्हणाली.

"बाबांनी नाही, हर्षू. मी."

"लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. भांड्यावर हात बाबांचा आहे. तुझं नाव कुणाच्या लक्षात राहणार? यशवंत तांबटाच्या कल्हईने पोरं बाधली, असंच म्हणणार ना सगळे?" तिचा आवाज चढत गेला आणि मग एकदम खाली आला. "ते गेलेत, दादा. त्यांना आता आपली बाजू मांडता येणार नाही."

मृण्मयी दारात उभी होती. तिने फडताळातली आजोबांची बाकीची भांडी एकेक करून काढली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. वाटीसुद्धा ठेवली, तिच्या उष्टावणाची.

रोज सकाळी साडेसहाला मी भोंग्यावरून सांगतो, वरच्या आळीचं पाणी सुटलं आहे. पुन्हा एकदा सांगतो, वरच्या आळीचं पाणी सुटलं आहे. लोकांना माझा आवाज इतका सरावाचा झालाय की त्यावर ते उठतात, चहा ठेवतात, पोरांना हलवतात. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं आणि म्हणालो:

"मी उमेश यशवंत तांबट बोलतोय. यशवंत तांबटांनी गेल्या बारा वर्षांत ज्या भांड्यांना कल्हई केली, त्या कल्हईत शिसं आहे. त्या भांड्यांत पाणी ठेवू नका, शिजवू नका, आंबट तर मुळीच ठेवू नका. ते शिसं कारखान्याचं नाही. वडिलांना ते ठाऊक नव्हतं. कथील म्हणून ते मी आणून दिलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी न ऐकताच हो म्हणालो होतो. ज्यांच्या मुली, बहिणी भांडी घेऊन सासरी गेल्या आहेत त्यांनी आजच फोन करा. पुन्हा एकदा सांगतो."

आणि सवयीप्रमाणे मी सगळं पुन्हा एकदा सांगितलं. दुसऱ्या वेळी जास्त कठीण गेलं.

लेखी निवेदन आसपासच्या सगळ्या पाणीकेंद्रांना पाठवलं, दळवी मॅडमनाही पाठवलं. पुढच्या दोन महिन्यांत बेचाळीस गावांतून तीनशेवर भांडी सापडली. ज्या घरांतून ती गेली त्या घरांतले मणी महिनाभर टिकायला लागले. हे सगळं आकड्यांत फार चांगलं दिसतं. सप्टेंबरात लवादापुढे कारखान्याच्या वकिलाने माझं निवेदन वाचून दाखवलं, शब्दन्‌शब्द, आणि खटला वर्षभर पुढे गेला. तेही बाई म्हणाल्या तसंच झालं.

मला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. तळसुऱ्याची माणसं तशी सभ्य आहेत. पुढच्या फेरीला गेलो तर पहिल्याच घराच्या फाटकाला पुरचुंडी अडकवून ठेवलेली. दुसऱ्या घरीही तेच. एकशे बारा घरांच्या एकशे बारा पुरचुंड्या, कडीला, खुंटीला, कुंपणाच्या तारेला. जुनी काढून घ्यायची, नवी अडकवायची. चार दिवसांची फेरी मी एका सकाळीत उरकली. काही घरांतून आतल्या हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. माझी चप्पल वाजली की तो थांबायचा.

हर्षदा मृण्मयीला घेऊन पुण्याला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून लेकीच्या सासरी जाऊन राहिली, म्हणजे काय झालं असेल ते ज्याचं त्याने समजावं. माझे फोन तिने घेतले नाहीत. मात्र महिन्याभराने तिचा निरोप आला. त्यात फक्त एक आकडा होता: नऊ. पुढच्या महिन्यात आला: पाच. त्यानंतर एकदा दोन शब्द आले. मुलगी झाली.

मी "अरे वा" म्हणालो, ते भलतंच मोठ्याने. ऐकायला पंप होता.

गेल्या आठवड्यात एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर हंडा. आणून ठेवणारं माणूस निघून गेलं होतं, कडीही वाजवली नव्हती. वर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव होतं: कु. विजया शंकर हिर्लेकर. हे सकपाळबाईंचं माहेरचं नाव. आतली कल्हई कुणीतरी राखेने आणि विटकरीने पार खरवडून काढली होती, पितळ उघडं पडेपर्यंत. बाहत्तर वर्षांच्या बाईला याला किती दिवस लागले असतील, कोण जाणे. चिठ्ठी नव्हती. पण खरवडलेलं भांडं तांबटाच्या दारात ठेवतात ते एकाच कामासाठी.

मी जन्मात कल्हई केली नव्हती. भाता मात्र लहानपणी पुष्कळ मारला होता. मुंबईहून निव्वळ कथिलाच्या कांड्या मागवल्या, डबा फोडला, केंद्राच्या मागे खड्डा करून कोळसे पेटवले. हंडा तापत होता. कांडी घेतली आणि कानाशी धरून वाकवली. पंप सुरू होता. काही कळेना. दुसऱ्या कानाशी धरली. आवाज आल्यासारखं वाटलं, नाही आल्यासारखंही वाटलं. सहा वर्षं त्या पंपाशेजारी बसलोय, माझेही कान आता कुठे धड राहिलेत? पंप बंद करायचा तर खालच्या आळीचं पाणी जाणार. आणि हो की नाही हे विचारावं, असं आसपास कुणी नव्हतं.

मग कसं सुचलं ते सांगता येत नाही. कांडीचं टोक दातात धरलं आणि वाकवली.

ती करकर कानात आलीच नाही. जबड्यातून आली, डोक्याच्या कवटीत भरली, इतकी स्वच्छ की मी कांडी जवळजवळ टाकलीच. हाडातून आवाज जातो, त्याला कान लागत नाहीत. व्यापारी हसायचा, मी हसायचो, आणि बाबा कांडी दातात धरून शांतपणे ऐकत असायचे.

हंडा तसाच कोळशांवर ठेवून मी घरी पळालो. पडवीतली पेटी उपडी केली. चौकोनी कांड्या, व्यापाऱ्याच्या, एकेक करून उजेडात धरल्या. प्रत्येकीच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या. वरचे दोन, खालचे दोन. एकही सुटलेली नव्हती.

मग गाठीच्या रेघेच्या घेतल्या. माझ्या. सात उरल्या होत्या. त्या सगळ्यांची टोकं गुळगुळीत होती.

जगातलं प्रत्येक कथील ते स्वतः पारखून घेत होते. माझं तेवढं त्यांनी मला विचारलं.

परत येऊन कल्हई केली. नवसागर टाकला, धूर डोळ्यांत गेला, कांडी फिरवली, कापसाच्या बोळ्याने पुसत गेलो तसं पितळ पांढरं होत आलं. बाबांसारखी सारखी नाही झाली, एका बाजूला ओघळ राहिला. हंडा निवल्यावर बाईंच्या पायरीवर ठेवून आलो. कडी मीही वाजवली नाही.

आज दुसरी तीन भांडी आली आहेत, अशीच, न सांगता. कोळसे पेटलेत. नवी कांडी दातात धरून वाकवली.

"बोलतंय, बाबा," मी म्हणालो, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.